चिठ्ठी निघाल्यानंतरचे पाच महिने

टोकियो मॅरेथॉन फाउंडेशनच्या संचालक मंडळास,



मी टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला राहते. इथल्या भाजीच्या दुकानात, स्टेशनच्या जिन्यावर मराठी, हिंदी, तमिळ सहज कानावर पडतं. आमच्यातली बरीच तरुण मंडळी संगणकाच्या कामासाठी आलेली, दिवसाचे दहा-दहा तास खुर्चीत बसणारी. सप्टेंबरात तुमच्या सोडतीचा निकाल लागला की त्यांच्यातलं कोणीतरी दार वाजवतं आणि सांगतं, "काकू, मॅरेथॉनला नंबर लागला!" तीन लाखांच्या वर अर्ज आलेल्या शर्यतीत जेमतेम अडतीस हजारांना धावायला मिळतं, तेव्हा तो आनंद खराच असतो. फक्त त्या मुलाने आयुष्यात सलग पाच किलोमीटरही कधी धावून पाहिलेले नसतात.

अशांना येऊच देऊ नका, असं सांगायला मी लिहीत नाही. उलट, त्यांच्यासाठी दार उघडंच ठेवा ही माझी पहिली विनंती आहे. 2007 मध्ये तुमच्या शर्यतीने या शहराचे मोठे रस्ते साधारण माणसांच्या पायांसाठी मोकळे केले, आणि सोडत देश, भाषा, क्लब काही पाहत नाही. जो माणूस वर्षानुवर्षं इथे राहूनही कार्यालय, लोकल आणि खोली यांपलीकडे कुठे पोहोचत नाही, तो त्या दिवशी शिंजुकूपासून टोकियो स्टेशनपर्यंत भर रस्त्यातून जातो आणि अनोळखी लोक त्याला ओरडून बळ देतात. परक्या शहरात हे कशानेही विकत मिळत नाही.

पण चिठ्ठी निघणं आणि मार्चचा पहिला रविवार यांच्यामध्ये पाच महिने असतात, आणि ते वाया जातात. शर्यत संपवायची सात तासांची मुदत म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटं, भराभर चालणाऱ्याचा वेग. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की सरावाची गरजच वाटत नाही. पण मुदत मोजली जाते ती सुरुवातीच्या इशाऱ्यापासून. शेवटच्या गटातल्या माणसाची बरीच मिनिटं थंडीत उभं राहून रेषेपर्यंत पोहोचण्यातच जातात. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंतली साखर संपते. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी वेळेत पोहोचलं नाही तर रस्ता बंद होतो आणि मागे राहिलेल्यांना बसमध्ये बसवतात. शहराला रस्ते परत हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी दरवर्षी हिबियाजवळ गरम पाणी आणि टॉवेल घेऊन उभी असते. गेल्या खेपेला शेजारचा मुलगा चंदेरी चादर गुंडाळून फुटपाथच्या कडेला बसला होता. गालांवर मीठ सुकून पांढरं झालेलं, आणि बोटं इतकी गारठलेली की छातीवरच्या क्रमांकाची पिन निघेना. एक वयस्कर स्वयंसेवक त्याच्यासमोर उकिडवे बसले, त्याच्या बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि काय होतंय ते शांतपणे विचारू लागले. तो नुसती मान डोलवत राहिला. दुकानात, बँकेत चालेल एवढी जपानी त्याला येते. छातीत दडपण आहे की बरगडीत चमक भरली आहे, चक्कर येते की मळमळतंय, हे सांगण्यापुरती येत नाही. मला ते त्याच्याकडून मराठीत काढून घ्यावं लागलं. सुदैवाने फक्त पोटरीत गोळा आला होता.

छातीचं नाव मी उगाच घेत नाही. 2009 च्या तुमच्या शर्यतीत विनोदी कलाकार मात्सुमुरा कुनिहिरो यांचं हृदय वाटेतच थांबलं होतं. विजेचा झटका देणारं यंत्र वेळेत पोहोचलं म्हणून ते वाचले. तुमच्या वैद्यकीय व्यवस्थेवर माझा विश्वास आहे तो अशाच गोष्टींमुळे. मात्र आम्हा दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा पाच-दहा वर्षं आधी गाठतो, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जपानी कंपनी दरवर्षी आरोग्य तपासणी करते, पण पस्तिशीच्या आतल्या माणसाचा ईसीजी त्यातून वगळता येतो. म्हणजे बत्तीस वर्षांचा, वडिलांना पन्नाशीत झटका येऊन गेलेला, पोट सुटलेला मुलगा "तब्येत उत्तम" असा कागद हातात घेऊन बेचाळीस किलोमीटर धावायला निघू शकतो. साधा ईसीजी सगळंच सांगतो असं नाही. पण घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का, एवढा प्रश्न तरी त्याला कोणी डॉक्टरने विचारायला हवा.

दुसरा धोका पाण्याचा. आमच्याकडे वडीलधारे सांगतात, भरपूर पाणी पी. सहा-सात तास संथ चालणाऱ्याने प्रत्येक टेबलावर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. हे मलाही इथल्या एका परिचारिकेकडून कळलं.

मॅरेथॉनच्या रस्त्यावर आमचं आणि तुमचं जुनं नातं आहे. 1912 मध्ये जपानचे धावपटू कानाकुरी शिझो स्टॉकहोमच्या ऑलिंपिकला गेले, परक्या देशातल्या उन्हात कोसळले, आणि एका स्थानिक कुटुंबाने त्यांना बागेत सावली दिली. त्याच शर्यतीत कोसळलेला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो दुसऱ्या दिवशी गेला. आठ वर्षांनी अँटवर्पला कानाकुरी सोळावे आले, आणि त्याच शर्यतीत एकोणिसावे आले ते बेळगावचे फडेप्पा चौगुले. दोघेही घरापासून फार दूर धावत होते. मला ही दोन नावं एकाच यादीत वाचताना आजही भरून येतं.

तेव्हा मागणं असं. निकालाच्या पत्रासोबत सोप्या जपानीत, हिंदीत, नेपाळीत, व्हिएतनामीत एक पान पाठवा: डॉक्टरांना काय विचारायचं, आठवड्याला किती चालायचं-धावायचं, पाणी किती प्यायचं, कधी थांबायचं. स्वयंसेवकांच्या खिशात चित्रांचं एक कार्ड द्या, ज्यावर बोट ठेवून माणूस दुखणं दाखवू शकेल. आणि आपत्कालीन संपर्कात जपानमधला एक माणूस सक्तीचा करा; साताऱ्यातल्या आईचा नंबर त्या क्षणी कोणाच्याच कामाचा नसतो.

बाकीचं आम्ही करू. आराकावा नदीच्या बांधावर मुखापासूनचं अंतर दाखवणारे फलक आहेत, रस्ता सपाट आहे, गाड्या नाहीत. ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी सातला आम्ही तिथे जमायला तयार आहोत, नवशिक्या प्रत्येकासोबत एक अनुभवी धावणारा देऊन. तुमचा एक प्रशिक्षक पहिले चार रविवार पाठवता येईल का, एवढं कळवा.

आपली,
निशी-कासाईची एक रहिवासी