सावेदादांची फीत आणि बिट्झरची नोंदवही

१८९९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात जगाच्या दोन टोकांना दोन झुंजी कॅमेऱ्यात टिपल्या गेल्या. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला ३ नोव्हेंबरच्या रात्री जेम्स जेफ्रीज आणि टॉम शार्की यांचे पंचवीस फेऱ्यांचे मुष्टियुद्ध झाले. बायोग्राफ कंपनीने रिंगणावर सुमारे ४०० आर्क दिवे टांगून ते चित्रित केले. कॅमेरे चालवणाऱ्यांत बिली बिट्झर हा २७ वर्षांचा तंत्रज्ञ होता. त्याच महिन्यात मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी टिपली. कॅमेरा इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनी मोजून मागवलेला आणि उजेड दिवसाचा. दोघांचा आरंभ इतका जवळजवळचा. पण बिट्झरचे सुरुवातीचे काम आज शेकड्यांनी पाहता येते, आणि सावेदादांची कुस्ती आपल्याला फक्त वाचायला मिळते. दोघांच्या कौशल्यातल्या फरकाने हे घडलेले नाही. चित्रणानंतर फितीचे काय करायचे याची एका ठिकाणी ठरलेली रीत होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, धडगावला कॅमेरा हे ज्यांचे पोटापाण्याचे साधन आहे, त्या सर्वांशी या रीतीबद्दल बोलायचे आहे.

सावेदादांना हौशी गृहस्थ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यांनी कथा रचली नाही, नट उभे केले नाहीत, समोर घडले ते टिपले. म्हणून चित्रपटाचा इतिहास १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'पासून धरायचा, असा हा युक्तिवाद. कथापटाच्या इतिहासाला तो लागू आहे, छायालेखनाच्या नाही. सावेदादा मूळचे छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंचा खेळ झाला, मुंबईने हलती चित्रे पाहिली आणि तीन वर्षांत या माणसाने स्वतःचा कॅमेरा आणून उभा केला. त्या काळी कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवावे लागे. सेकंदाला साधारण दोन फेरे, फेऱ्याला आठ चौकटी. फीत जेमतेम मिनिटभराची. पैलवान हातघाईवर आले म्हणून हाताचा वेग वाढला, तर पडद्यावर तेच पैलवान रेंगाळताना दिसणार. पैलवान चौकटीबाहेर गेले तर कॅमेरा वळवण्याची सोय नाही, म्हणून आखाडा किती अंतरावरून घ्यायचा आणि ऊन कोणत्या बाजूला ठेवायचे, हे आधीच ठरवायला हवे. ही सगळी गणिते आजही आपलीच आहेत. शिवाय काय टिपायचे याचीही त्यांना नजर होती. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईत परतले, तेव्हाचे स्वागत त्यांनी चित्रित केले. भारतातला पहिला वार्तापट म्हणून त्याच चित्रणाचे नाव घेतले जाते. १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला. एका दशकाच्या आत मात्र त्यांचे छायालेखन थांबले आणि ते गेइटी नाट्यगृहाच्या व्यवस्थापनात गेले. १९५८ पर्यंत ते हयात होते. म्हणजे मराठी बोलपटाची पंचवीस वर्षे पाहून गेलेला माणूस, आणि त्याचे स्वतःचे चित्रण आज आपल्यापुढे नाही. कुस्तीची फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती, यातच अडचणीचे मूळ दिसते. ज्याची फीत धुण्याची सोय सातासमुद्रापार, त्याच्या हाती कामाचा फक्त मधला तुकडा राहतो.

बिट्झरकडे वळू. १९०८ नंतर दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथबरोबर त्याने जे काम केले, 'द बर्थ ऑफ अ नेशन' (१९१५) आणि 'इन्टॉलरन्स' (१९१६) यांसह, त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. पहिल्या चित्रपटातला वंशद्वेष उघड आहे आणि कॅमेऱ्याच्या कामगिरीने तो धुऊन निघत नाही, एवढे नमूद करून पुढे जाऊ. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्याआधीच्या बारा वर्षांचा आहे. त्या काळात अमेरिकेच्या हक्क-नोंदणी कायद्यात चलच्चित्रासाठी वेगळी तरतूद नव्हती, म्हणून कंपन्या संपूर्ण चित्रपट कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापून, छायाचित्र म्हणून, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करत. हेतू सरळ व्यापारी होता. दुसऱ्याने नक्कल मारू नये, एवढाच. नायट्रेटच्या मूळ फिती जळाल्या, सडल्या, भंगारात गेल्या. कागद मात्र राहिला आणि १९५० च्या दशकात त्यावरून सुमारे तीन हजार चित्रपट पुन्हा फिल्मवर उतरवण्यात आले. दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. बायोग्राफ कंपनी पडद्यावर कोणाचेच नाव देत नसे, नटाचे नाही, दिग्दर्शकाचे नाही आणि कॅमेरामनचे तर नाहीच. पण कार्यालयात नोंदवही होती. कोणते चित्रण, कुठे, कोणत्या तारखेला, कॅमेऱ्यावर कोण, हे त्यात लिहिले जाई. आज ग्रंथालयाच्या सूचीत एखाद्या मिनिटभराच्या तुकड्यापुढे बिट्झरचे नाव छापलेले दिसते, ते अशा नोंदींमुळे. उतारवयात तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या चित्रपट विभागात काम करत होता, जुन्या बायोग्राफचा मागोवा घेण्याचे. नोंदी नसत्या, तर त्याची स्मरणशक्ती एवढाच पुरावा उरला असता.

यावर कोणी म्हणेल, बायोग्राफपाशी भांडवल होते, कारकून होते, सावेदादा एकटे होते, ही तुलनाच अन्याय्य आहे. भांडवलाचा मुद्दा खरा, पण पुरता नाही. तेरा वर्षांनी दादासाहेब फाळक्यांकडे तरी कुठले भांडवल होते? १९१२ मध्ये लंडनहून त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला आणि त्याबरोबर सगळी प्रक्रिया घरात आणली. कच्ची फीत भोके न पाडलेली येई. दादरच्या घरात, अंधारात बसून, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ती भोके पाडत. फीत धुण्याचे कामही त्या शिकल्या. वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून केलेले चित्रण दाखवले तेव्हा कुठे पैसा उभा राहिला. मग त्र्यंबक तेलंगांना कॅमेरा शिकवून 'राजा हरिश्चंद्र' उभा केला. फाळक्यांची कारकीर्द दीर्घ झाली, त्यात प्रतिभेइतकाच त्या काळोख्या खोलीचा वाटा आहे. पण जतनाची रीत त्यांच्याही वेळी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले मूठभर उरले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन व्हायला १९६४ साल उजाडले, आणि त्यानंतरही २००३ च्या आगीत शेकडो चित्रपटांच्या नायट्रेट फिती गेल्या.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे पाहू. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. तोवर रात्रभर ढोलाच्या तालावर मोरखी, बावा, बुध्या नाचत असतात. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि भोपळे. जवळजवळ काळोखात, हलत्या माणसांचे, एकाच बाजूने येणाऱ्या उजेडात चित्रण करणे म्हणजे काय, हे त्या मैदानावर आयएसओ वाढवत रात्र काढलेल्यांना सांगायला नको. दर वर्षी तिथे डझनांनी कॅमेरे असतात. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतल्या घोडेबाजाराचेही तसेच. आणि मग? एक मिनिटाची रील जाते आणि पुढच्या लग्नाच्या ऑर्डरसाठी कार्ड फॉरमॅट होते. दहा वर्षांपूर्वीच्या काठीच्या होळीचे सलग, न कापलेले फुटेज, तारीख आणि पथकाच्या गावासह, आपल्यापैकी किती जणांना काढून दाखवता येईल? हे केवळ हळहळण्यापुरते नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा-अक्राणीतली नर्मदाकाठची गावे गेली. मणिबेली, डोमखेडी ही नावे कागदावर आहेत. तिथले घर, अंगण, नदीकाठचे शेत ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते दिसते ते कोणीतरी तेव्हा चित्रण केले आणि सांभाळले म्हणून. आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा 'अ नर्मदा डायरी' (१९९५) हा त्यांतला एक ठळक दाखला. तो साध्या व्हिडिओवर झाला आहे. कॅमेरा किती महाग होता, यावर त्याचे आजचे मोल ठरलेले नाही.

फुटेज जपून ठेवा म्हटले की हरकती अनेक घेतल्या जातील. पहिली खर्चाची. हार्ड डिस्क फुकट मिळत नाहीत आणि लगीनसराईतला फोर-के डाटा पाहता पाहता टेराबाइटवर जातो. हे मान्य आहे, म्हणून सगळेच ठेवा असे म्हणणे नाही. वरातीचे चार तास ठेवू नका. पण हळदीच्या गाण्यांचा सलग आवाज, जुने वाद्य, पाडण्याआधीचा वाडा, वर्षातून एकदाच होणारा विधी, एवढे वेगळे काढून दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवता येते. दुसरी हरकत अशी की, हल्ली सगळे यूट्यूबवर असतेच. तिथे असते ती दाबून लहान केलेली, वर संगीत चढवलेली प्रत. खाते बंद झाले की तीही गेली, आणि खाली टिपणाऱ्याचे नाव बहुधा नसतेच. तिसरी हरकत सर्वांत गंभीर आहे, आणि ती आपल्या बाहेरून यायला हवी होती असे नाही. ज्यांचा सण आपण टिपतो त्यांना विचारले होते का? आदिवासी माणसाचा चेहरा 'कंटेंट' म्हणून वापरायचा आणि त्याचे नाव, गाव, पाडा गाळायचा, हे आपल्या धंद्यात सर्रास चालते. जतनाच्या नावाखाली तेच करायचे असेल तर न केलेले बरे. म्हणून नोंदवहीत दिनांक, ठिकाण आणि कॅमेरा कोणाचा, याच्या जोडीला चित्रणात कोण आहे, कोणाची परवानगी घेतली आणि प्रत कोणाला दिली, हे रकाने हवेत. ती प्रत गावातच, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, त्यांच्या ताब्यात राहिली पाहिजे. अमेरिकेत कायद्याच्या एका उणिवेने जे घडवले, ते इथे आपल्याला ठरवून करावे लागेल. पुढच्या होळीला काठीत जाणाऱ्या प्रत्येकाने कॅमेऱ्याच्या बॅगेत दोनशे पानी वही टाकावी आणि पहाटे होळी पेटल्यावर, कार्ड काढण्याआधी, पहिली ओळ लिहावी.