आईचे डोळे, लेकीचे डोळे

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका वृद्ध बाईंच्या भेटीस गेलो होतो. खाटेजवळ खुर्ची ओढून बसताच त्या म्हणाल्या, "फादर, तुमचे कान दिसतात, झग्याची बाही दिसते, मधले तोंड तेवढे कोणी पुसून टाकल्यासारखे वाटते." मोतीबिंदू पूर्वीच काढलेला होता, तेथे दोष नव्हता. दोष होता डोळ्याच्या मागील पडद्याच्या मध्यभागी, ज्याला पीतबिंदू म्हणतात त्या जागी. वाचन, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही सारी कामे त्या इवल्याशा जागेवर अवलंबून असतात. निरोप घेऊन निघालो तेव्हा त्यांची कन्या दारापर्यंत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरांना माझ्याही डोळ्यांत पिवळे ठिपके दिसले. सुरुवात आहे म्हणतात. आईचे दुखणे माझ्या रक्तात उतरले का हो?" तिचे वय पंचावन्न.

दारात उभ्या उभ्या आम्ही जे सांगितले ते अपुरे होते, हे आम्हांस वाटेतच कळून चुकले. म्हणून आजचे हे सदर.

प्रथम त्या ठिपक्यांविषयी. दृष्टिपटलाच्या खाली चरबी व प्रथिने यांचा जो गाळ साचतो, त्याला ड्रूसेन असे नाव आहे. अगदी बारीक ठिपके वयोमानानुसार पुष्कळांना होतात व ते रोगाचे लक्षण मानीत नाहीत. ठिपक्याची रुंदी एका मिलिमीटरच्या त्रेसष्ट हजारांशांहून अधिक झाली म्हणजे रोगाची प्रारंभीची अवस्था समजतात. एकशे पंचवीस हजारांशांच्या पुढे गेली की मधली अवस्था. प्रारंभीच्या अवस्थेत दृष्टी बहुधा शाबूत असते, आणि त्यांतील अनेकांची ती अखेरपर्यंत शाबूत राहते.

आता वारशाचा प्रश्न. हा रोग घराण्यात दिसतो, ही गोष्ट डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. हॉलंडमधील रॉटरडॅम शहरी रुग्णांची भावंडे व मुले तपासून 1998 साली जे अनुमान प्रसिद्ध झाले, त्याप्रमाणे अशा आप्तांना आयुष्यात प्रारंभीची अवस्था गाठण्याचा संभव शेकडा 48 होता; ज्या घरांत रोग नव्हता तेथे तो शेकडा 23 होता. अमेरिकेतील जुळ्या भावांच्या 2005 सालच्या अभ्यासात, रोगाच्या सर्व अवस्था मिळून माणसामाणसांतील फरकाचा सुमारे शेकडा 46 भाग आनुवंशिक ठरला. केवळ अंतिम अवस्थेपुरते पाहिले तर तो 71 निघाला. वाचकांनी या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात ठेवावे. सुरुवातीच्या ठिपक्यांवर वारशाची पकड आहे खरी, परंतु ती शेवटच्या अवस्थेइतकी घट्ट नाही. पुढे जनुकांचा प्रत्यक्ष तपास झाला तेव्हाही हेच दिसून आले.

तो तपास मोठा मनोरंजक आहे. 2005 सालीच अमेरिकेतील संशोधकांच्या निरनिराळ्या गटांनी एकाच जनुकावर बोट ठेवले. त्यांतील एका गटाने अवघे 96 रुग्ण आणि 50 निरोगी माणसे घेऊन जनुकसंचातील लाखाहून अधिक जागा चाळल्या होत्या. सापडलेले जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या आज्ञेने 'कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच' नावाचे प्रथिन तयार होते. आपल्या रक्तात रोगजंतूंवर तुटून पडणारी प्रथिनांची एक फौज असते, तिला कॉम्प्लिमेंट म्हणतात. फौज शत्रूवर धावावी, घरच्यांवर नव्हे, ही राखण फॅक्टर एच करतो. या प्रथिनाच्या साखळीत 402 क्रमांकाच्या जागी काहींच्या ठायी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असते. एवढ्याने राखणदार थोडा ढिला पडतो, आणि दृष्टिपटलाखाली मंद आच वर्षानुवर्षे धुमसत राहते, असा तर्क आहे. ड्रूसेनच्या गाळात कॉम्प्लिमेंटची प्रथिने सापडतात, हा त्याचा मोठा पुरावा.

अशी एक प्रत आईकडून किंवा वडिलांकडून आली तर रोगाचा संभव सुमारे अडीच पट होतो, दोन्हींकडून आली तर पाच ते सात पट. हे ऐकून कोणी घाबरेल. परंतु युरोपीय वंशाच्या लोकांत दर दहा प्रतींतील साडेतीन ते चार अशाच असतात, आणि त्या बाळगणारी बहुसंख्य माणसे म्हातारपणीही वर्तमानपत्र वाचतात! चिनी व जपानी लोकांत ही प्रत बरीच विरळ आहे. आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी 2006 साली भारतीय रुग्णांतही तिचा रोगाशी संबंध दाखवून दिला. दहाव्या गुणसूत्रावरील दुसरी एक जागा तितकीच महत्त्वाची ठरली, आणि 2016 पर्यंत अंतिम अवस्थेशी निगडित अशा 34 जागांवरील 52 फरकांची नोंद झाली. प्रारंभीच्या अवस्थेत त्यांतील बहुतेकांचा प्रभाव सौम्य दिसतो.

एक चमत्कार येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अपोई नावाच्या जनुकाचा जो प्रकार म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवितो, तोच प्रकार पीतबिंदूच्या या रोगापासून काहीसे रक्षण करतो. चांगले जनुक, वाईट जनुक असे शिक्के मारणाऱ्यांनी यावर अवश्य विचार करावा. आणि रोगाचा दोष आईच्या माथी मारणाऱ्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाची कथा पुन्हा वाचावी.

मग रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्यावी काय? अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली नेहमीच्या व्यवहारात ती करू नये असाच सल्ला दिला. कारण साधे आहे: उत्तर काहीही आले तरी डॉक्टर जे सांगतील ते बदलत नाही. धूम्रपान सोडा, हे त्यांतील पहिले. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास या रोगाचा धोका दुपटीहून अधिक असतो, आणि ज्याच्या रक्तात वरील प्रती आहेत त्याला तर ती चैन मुळीच परवडणारी नाही. बाजारातील जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा लाभ मधल्या अवस्थेपासून पुढे सिद्ध झाला आहे. प्रारंभीच्या अवस्थेत तो दिसलेला नाही, तेव्हा जाहिरातीला भुलून पैसे दवडू नयेत. मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीस बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी, आणि घरी चौकटींचा ॲम्स्लर तक्ता लावून, वाचनाचा चष्मा घालून, एकेक डोळा झाकून पाहावा. सरळ रेघ वाकडी दिसू लागली तर त्याच आठवड्यात रुग्णालय गाठावे. खालच्या रक्तवाहिन्या फुटून झिरपू लागल्या असतील तर डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी दृष्टी राखता येते, पण उशीर झाल्यास नाही.

परवा त्या घरी पुन्हा जाणे झाले. तक्ता कपाटाच्या दारावर, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलेला होता. धाकटे चिरंजीव ओटीवर विडी ओढीत बसले होते. आई तीच, तेव्हा हा हिशेब त्यांनाही लागू आहे, असे आम्ही म्हणताच त्यांनी विडी पाठीमागे लपवली. बहिणीने ती काढून घेतली.