झेब्र्याचे पट्टे: शिकाऱ्याची नजर आणि गोठ्यातली माशी

भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्यात बांबूच्या रांजीआड बसलेला वाघ चार पावलांवरूनही सहज नजरेस पडत नाही. उभे बांबू, उभ्या सावल्या, त्यांत अंगावरचे उभे पट्टे. शिवाय चितळ-सांबरांच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. पट्टा म्हणजे लपणे, हे समीकरण वाघापुरते खरेच आहे. घोटाळा झाला तो तेच समीकरण झेब्र्याला लावल्याने.

ही तुलना जुनी आहे. १६२१ मध्ये जहांगीराच्या दरबारात झेब्रा आला, तेव्हा बादशहाला त्याला पाहून वाघच आठवला. फरक एवढाच की येथे पिवळ्याच्या जागी पांढरा. पट्टे रंगवलेले असावेत अशी शंका काहींना आली. बारकाईने तपासणी झाली आणि रंग उपजत असल्याची खात्री पटली. उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले; ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्राणी मात्र इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून गेला.

पुढे एकोणिसाव्या शतकात डार्विनने लपण्याची कल्पना नाकारली: उघड्या माळरानावर पट्टे काय झाकणार? वॉलेसला मात्र संधिप्रकाशात ते उपयोगी पडतील असे वाटले. १९०९ मध्ये अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर याने तर जवळपास प्रत्येक प्राण्याचा रंग लपण्यासाठीच असतो असा आग्रह धरला, आणि शिकारी म्हणून आफ्रिका पाहिलेल्या थिओडोर रूझवेल्टने त्याची खिल्ली उडवली. वाद जोरदार होता. पण दोन्ही बाजू माणसाच्याच डोळ्यांनी पाहत होत्या. सिंहाची नजर माणसाइतकी तीक्ष्ण नाही. दिवसाउजेडीही सुमारे पन्नास मीटरपलीकडे त्याला हे पट्टे नीट वेगळे दिसत नाहीत, असे २०१६ च्या अभ्यासात आढळले. ज्याला फसवायचे त्याला पट्टेच दिसत नसतील, तर फसवणूक कसली?

चित्रकार आणि शिकारी यांच्या या भांडणात गुराख्याला कोणी विचारले नाही. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात पावसाळी संध्याकाळी गोठ्यात ओला पाला जाळून धूर का करतात, म्हशी बोडीच्या चिखलात तासन्‌तास का लोळतात, बैलाची शेपटी क्षणभरही स्वस्थ का नसते, याचे उत्तर तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. जनावराचा रोजचा शत्रू वाघ नसतो. चावणारी माशी असते. मोठ्या प्राण्याच्या कोड्याला मोठाच शत्रू शोधायचा, ही सवय इतिहासलेखनातही काही कमी नाही.

२०१४ मध्ये टिम कॅरो आणि सहकाऱ्यांनी घोड्याच्या कुळातील प्राण्यांचे पट्टे आणि त्यांचे प्रदेश ताडून पाहिले. पट्ट्यांचा मेळ सिंहांशी किंवा उष्णतेशी सातत्याने बसला नाही. गोमाश्यांना पोषक हवामानाशी बसला. आफ्रिकेत या माश्या केवळ रक्त पीत नाहीत, जीवघेणे रोगही पसरवतात; आणि झेब्र्याचे केस आखूड असल्याने त्यांची सोंड सहज आत शिरते. पट्ट्यांमुळे अंग थंड राहते असे मानणारे अभ्यासक अजून आहेत, परंतु पुराव्याचे पारडे आज माशीकडे झुकलेले आहे. पट्टे माशीला नेमके कसे गोंधळवतात, यावर मात्र खल चालू आहे. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले, तेव्हा चावणाऱ्या माश्यांचा त्रास सुमारे निम्म्यावर आला. या कामाला २०२५ मध्ये इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे पारितोषिक, मिळाले.

त्याच २०१९ मध्ये इंग्लंडात कॅरोंच्या चमूने साध्या घोड्यांवर झेब्र्यासारखी पट्टेदार झूल घातली. माश्या घिरट्या घालत जवळ आल्या, पण ऐन वेळी वेग कमी करता न आल्याने अंगावर बसू शकल्या नाहीत. घोड्यांची डोकी मात्र उघडीच होती; तेथे त्या नेहमीसारख्या येऊन बसल्या.