गव्हातली वर्तुळे, एक फळी आणि दोरी

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन शहरात चित्रांच्या चौकटी करून विकणाऱ्या डग बॉवर या गृहस्थांच्या पत्नीला एक शंका सतावू लागली होती. उन्हाळ्यात नवरा रात्री बाहेर पडतो, पहाटे परततो आणि मोटारीच्या काट्यावर भलतेच मैल चढलेले दिसतात. दुसऱ्या कोणा बाईचे प्रकरण तर नाही ना? अखेर बॉवरना घरी खरे सांगावे लागले. ते आणि त्यांचे मित्र डेव्ह चोर्ली रात्री शेतात जाऊन उभा गहू गोल आकारात आडवा करीत होते!

सप्टेंबर १९९१ मध्ये ‘टुडे’ या दैनिकाने ही कबुली छापली, तेव्हा जगभर खळबळ उडाली. तोपर्यंत विल्टशायर आणि हॅम्पशायरच्या शेतांत रातोरात उमटणाऱ्या या वर्तुळांवर पुस्तके निघाली होती आणि परग्रहावरच्या पाहुण्यांपासून पृथ्वीच्या गूढ शक्तींपर्यंत नाना कारणे पुढे आली होती. टेरेन्स मीडन या हवामानतज्ज्ञांनी विद्युतभारित वावटळीचा सिद्धांत मांडला होता. त्यात भुताखेतांना जागा नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण वावटळ सरळ रेषा आणि चौकोन कसे काढणार? मीडनना पेचात टाकण्यासाठीच आपण आकृत्या अधिक गुंतागुंतीच्या केल्या, असे या दोघांचे म्हणणे होते.

त्यांची साधने म्हणजे एक लाकडी फळी, दोरी आणि टोपीला लावलेली तारेची कडी. कडीतून दूरचा एखादा ठळक बिंदू धरून चालायचे, म्हणजे अंधारातही रेषा वाकडी जात नाही. ‘मातीत पाऊलखुणा कशा नाहीत?’ हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. तिकडच्या शेतांत ट्रॅक्टरच्या चाकांचे पट्टे मोकळेच असतात. त्यातून आत शिरले की झाले.

दुसरा प्रश्न अधिक शास्त्रीय वाटतो. ताटे मोडत नाहीत, नुसती वाकतात आणि त्यांची पेरे फुगून वर वळलेली दिसतात, हे कसे? याचे उत्तर आपल्याकडचा गहू लावणारा कोणताही शेतकरी देईल. ओलसर हिरवे ताट दाबले तर मोडत नाही, आणि वाऱ्यापावसाने लोळलेला गहू एक-दोन दिवसांत पेरांपाशी वळून पुन्हा डोके वर काढू लागतो. ही झाडाची नेहमीची खोड आहे. त्यासाठी अज्ञात किरणांची गरज नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. कबुली छापण्यापूर्वी ‘टुडे’ने या दोघांकडून एक आकृती करवून घेतली आणि या विषयावरील गाजलेल्या पुस्तकाचे एक लेखक पॅट डेल्गाडो यांना दाखवली. हे माणसाचे काम नव्हे, असा निर्वाळा त्यांनी दिला. सत्य कळल्यावर आपण फसलो हे त्यांनी मान्य केले, आणि इतका प्रामाणिकपणा या क्षेत्रात दुर्मीळच. त्यापूर्वी, जुलै १९९० मध्ये, कॅमेरे लावून शेतावर पहारा ठेवणाऱ्या मंडळींना एका पहाटे वर्तुळे दिसली आणि ते हर्षभरित झाले. जवळ जाऊन पाहतात तो वर्तुळांत राशिभविष्याच्या खेळाचे पट आणि लाकडी क्रूस ठेवलेले!

यावर श्रद्धाळूंचा युक्तिवाद ठरलेला असतो : काही वर्तुळे बनावट असतील, म्हणून सगळीच कशी? वरवर पाहता हे म्हणणे न्यायाचे वाटते. पण बनावट आणि ‘अस्सल’ वेगळे ओळखण्याची खूण कोणती, हे कोणीतरी सांगायला हवे. तज्ज्ञालाच फरक कळत नसेल तर ‘अस्सल’ या शब्दात उरते काय? १९९२ मध्ये वेस्ट वायकोम येथे वर्तुळे करण्याची चक्क स्पर्धा झाली. ज्या आकृत्या माणसाला अशक्य म्हणून सांगितल्या जात, तशा आकृत्या स्पर्धकांनी एका रात्रीत काढल्या. तीन हजार पौंडांचे बक्षीस हेलिकॉप्टर कारखान्यातील तिघा अभियंत्यांनी पटकावले.

माझ्या मते फसगत होते ती एका छोट्या पायरीवर. ‘हे कसे झाले ते मला कळत नाही’ या वाक्यानंतर ‘म्हणजे ते माणसाने केलेले नाही’ हे वाक्य आपण नकळत जोडतो. ही खोड फक्त इंग्रजांची नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून आपल्याकडे रांगा लागल्या, तशाच त्या लंडनच्या साउथॉलमध्येही लागल्या. दुधात रंग घालून पाहिल्यावर ते मूर्तीवरून खाली ओघळताना दिसले. पृष्ठताणाचा तो साधा खेळ होता. पण रांगेतले कितीजण शास्त्रज्ञांचे ऐकायला थांबले?

यात नुकसान कोणाचे, असे कोणी विचारील. पहिले शेतकऱ्याचे. आकृतीपेक्षा ती पाहायला येणारे लोकच अधिक पीक तुडवतात. १९९६ मध्ये स्टोनहेंजसमोरच्या शेतात १५१ वर्तुळांची एक सुंदर वळणदार आकृती उमटली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याने प्रवेशशुल्क लावून नुकसान भरून काढले म्हणतात. पण असे नशीब किती जणांचे? २००० साली अशाच एका आकृतीबद्दल एका तरुणाला न्यायालयाने शंभर पौंड दंड केला.

पुढे जाहिरातदारही या खेळात उतरले. डिसेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका शेतात उमटलेल्या आकृतीत ब्रेल लिपीतला १९२ हा आकडा सापडला. परग्रहवासीयांचा हा संकेत कोणता, यावर आठवडाभर चर्चा झाली. मग एनव्हिडिया कंपनीने सांगितले की, आमच्या नव्या चिपमध्ये १९२ कोअर आहेत.

चोर्ली १९९६ मध्ये वारले, बॉवर २०१८ मध्ये. विल्टशायरमध्ये त्यानंतरही आकृत्या उमटत राहिल्या. काही शेतकरी मात्र आता शहाणे झाले आहेत. आकृती दिसली की प्रेक्षक यायच्या आत, यंत्र फिरवून ते तेवढा गहू कापून टाकतात.