अणुभट्टीच्या गणितालाही ‘ब्लाइंड’ चाचणी हवी

नव्या औषधाच्या ‘डबल ब्लाइंड’ चाचणीत खरी गोळी कोणाला मिळाली हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही. अपेक्षेपोटी निष्कर्ष वाकू नये, एवढाच हेतू. अणुभट्टीतला पाण्याचा प्रवाह संगणकावर मांडणाऱ्यांनाही हीच शिस्त लागू व्हायला हवी.

उच्च दाबाच्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीत साधारण साडेनऊ मिलिमीटर व्यासाच्या हजारो इंधनदांड्या उभ्या असतात. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले पाणी त्यांच्या फटींतून वेगाने धावते. दांड्यांना धरून ठेवणाऱ्या जाळ्यांवर बारीक पात्या असतात. त्या पाणी मुद्दाम घुसळतात, म्हणजे उष्णता चांगली ओढली जाते. पण त्या खळबळीने दांडी थरथरतेही. जाळीशी घासून तिच्या आवरणाला भोक पडले की किरणोत्सारी द्रव्ये पाण्यात उतरतात. आणि हे आवरण एक मिलिमीटरही जाड नसते.

चालू भट्टीत हा प्रवाह बारकाईने मोजणे जवळपास अशक्य, म्हणून गणित. त्याची मूळ समीकरणे धमनीतल्या रक्तालाही लागू पडतात. मात्र प्रत्येक भोवरा सोडवायचा तर महासंगणकही अपुरा. मग लहान भोवऱ्यांसाठी अंदाजाची सूत्रे घेतात. ती निवडतो माणूस, आणि उत्तर आधीच माहीत असेल तर जुळणारे सूत्र सापडतेच! त्यातही सरासरी वेग जुळवणे तुलनेने सोपे. दांडी घासते ती चढउतारांमुळे. सरासरी रक्तदाब ठीक असलेल्या रुग्णालाही एखादी उसळी भोवते, तसेच हे.

दक्षिण कोरियाच्या अणुऊर्जा संशोधन संस्थेने २५ दांड्यांच्या जुडग्यातला प्रवाह लेसरने मोजला. निकाल झाकून ठेवून देशोदेशीच्या गटांकडून आधी गणिते मागवली गेली आणि २०१२ मध्ये दोन्ही शेजारी ठेवली गेली. यापेक्षा प्रामाणिक पद्धत नाही. तरी तिथल्या दांड्या मूळच्या २.६ पट जाड होत्या आणि पाणी जेमतेम कोमट. तारापूरच्या ३ व ४ क्रमांकाच्या भट्ट्यांत तर ३७ दांड्यांची जुडगी आडवी असतात आणि त्यांतून जड पाणी वाहते. प्रौढांवर तपासलेले औषध तान्ह्या बाळाला तसेच देत नाहीत. एका रचनेवर उतरलेले सूत्रही दुसरीवर पुन्हा तपासावे लागते.

असे प्रयोग खर्चिक असतात. संगणक वेगवान झाला, आता प्रयोगशाळा कशाला, हा मोह म्हणूनच धोक्याचा. नियामकांनी प्रत्येक नव्या रचनेसाठी झाकलेल्या निकालाची चाचणी मागावी आणि न जुळलेली गणितेही जाहीर करायला लावावीत.