मुलांचं लेखन आधी साध्या मजकुरात, मग पुस्तकात



स्नेहसंमेलन जवळ आलं की शाळाशाळांत मुलांच्या लेखनाचा अंक काढायची लगबग सुरू होते. कविता, गोष्टी, सहलीची वर्णनं, आजी-आजोबांच्या मुलाखती गोळा होतात. मग एखादे सर किंवा मॅडम वर्ड उघडून बसतात. प्रत्येक मथळा निवडून मोठा करा, ठळक करा, मधोमध आणा. एक चित्र सरकलं की पुढची दहा पानं सरकतात. अनुक्रमणिकेतले पानक्रमांक पुन्हा हाताने घाला. मुलांचं लेखन वाचायला वेळ उरत नाही, सजावटीतच रात्र जाते.

यावर माझं मत असं आहे की मुलांचं लेखन आधी युनिकोडमधल्या साध्या मजकुरात ठेवावं, त्यात मथळा, परिच्छेद, कविता यांच्या चार सोप्या खुणा कराव्यात आणि पुस्तकाची मांडणी संगणकाकडून करून घ्यावी.

ही कल्पना नवी नाही. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा लेखक हाताने मुद्रणप्रत लिहायचा आणि समासात "हा मथळा", "हे ठळक" अशा खुणा करायचा. खिळे जुळवायचं काम जुळाऱ्याचं. शब्द एकाचे, मांडणी दुसऱ्याची. संगणक आला आणि ही दोन्ही कामं आपल्याच गळ्यात पडली.

संगणकावर हे काम पुन्हा वेगळं करणाऱ्यांत डोनाल्ड क्नूथ यांचं नाव मोठं. अमेरिकेतल्या या गणितज्ञ-संगणकशास्त्रज्ञाने 1977 मध्ये आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहिली आणि ती त्यांना पसंत पडली नाहीत. म्हणून त्यांनी स्वतःच 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर आधारलेली 'लाटेक' तयार केली. गणित-विज्ञानाचे कितीतरी शोधनिबंध आजही तिच्यातच तयार होतात. पण तिच्या खुणा नवख्याला जड जातात. 2004 मध्ये जॉन ग्रुबर यांनी 'मार्कडाउन' ही अगदी सोपी पद्धत आणली. मग जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी 'पॅनडॉक' लिहिलं. ते मार्कडाउनमधला मजकूर घेतं आणि लाटेकच्या मदतीने पीडीएफ करून देतं. त्याच मजकुराचं मोबाईलवर वाचायचं ई-पुस्तक होतं आणि वर्डची फाईलसुद्धा. पॅनडॉक आणि लाटेक दोन्ही मोफत आहेत.

खुणा किती सोप्या आहेत, बघा:

# माझी शेळी

आमच्या घरी एक शेळी आहे. ती फार हट्टी आहे.

| शेळी माझी फार हट्टी
| खाऊन टाकली माझी पट्टी

ओळीच्या सुरुवातीला # म्हणजे मथळा, ## म्हणजे उपमथळा. दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या म्हणजे ठळक. मध्ये एक ओळ रिकामी सोडली की नवा परिच्छेद. कवितेची मात्र काळजी घ्या. नुसतं एंटर मारून लिहिलेल्या ओळी एकमेकींना जोडल्या जातात आणि कवितेचा गद्य परिच्छेद होतो. म्हणून प्रत्येक ओळीआधी उभी रेघ आणि एक मोकळी जागा द्यायची. एवढं आलं की निम्मं काम झालं. मथळ्यांवरून अनुक्रमणिका आपोआप बनते आणि पानक्रमांकही बरोबर पडतात.

आता जे खरोखर पणाला लागलंय त्याबद्दल. पूर्वीचे बरेच अंक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झाले. त्या फाईलींत आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, फक्त चेहरा मराठी. तो फॉन्ट संगणकावर नसला की मुलांच्या कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. "शाळा" हा शब्द शोधला तर सापडत नाही. मोठं झालेलं मूल आपली चौथीतली गोष्ट मागायला आलं, तर आपण काय देणार? साधा युनिकोड मजकूर मात्र कुठल्याही संगणकावर, मोबाईलवर उघडतो. उद्या पॅनडॉक बंद पडलं तरी # ची खूण केलेला मथळा माणसाला वाचता येईलच.

दुसरा फायदा भाषेच्या तासाचा. वर्डमध्ये अक्षर मोठं केलं की मथळा झाल्यासारखं वाटतं. खूण करताना मात्र ठरवावं लागतं की हा मथळा आहे की उपमथळा, इथे विचार संपला की अजून चालू आहे. चौथी-पाचवीची मुलं हे वहीतसुद्धा करू शकतात. एकमेकांच्या निबंधात पेन्सिलीने # ची खूण करायला द्या आणि परिच्छेद कुठे तुटायला हवा यावर त्यांना भांडू द्या. संगणक नसला तरी हा पाठ होतो.

काही जण म्हणतील, वर्ड येतंय तर हा खटाटोप कशाला? दोन पानांच्या सूचनापत्रकाला खरंच नको. पानभर चित्रं असलेल्या बालवाडीच्या पुस्तकालाही ही पद्धत सोयीची नाही, तिथे हाताने मांडणी केलेलीच बरी. पण साठ-सत्तर मुलांचं लेखन असलेला आणि दरवर्षी निघणारा अंक असेल, तर एकदा घेतलेले कष्ट पुढच्या प्रत्येक वर्षी उपयोगी पडतात. वर्डच वापरायचं असेल तर निदान त्यातल्या मथळ्याच्या शैली वापरा. तत्त्व तेच आहे.

पहिल्यांदा अडचण येते ती देवनागरीची. लाटेकच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते, त्यामुळे पानं कोरी किंवा अर्धवट येतात. घाबरू नका. 'झीलाटेक' हा प्रकार निवडा आणि फॉन्टचं नाव सांगा. मुक्ता, नोटो, आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हे सगळे मोफत मिळतात. भाषा मराठी असल्याचंही नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत, त्यात मग 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे येतात. बालभारती वाचणाऱ्या मुलांसाठी ही गोष्ट किरकोळ नाही.

पालकहो, तुमच्यापैकी कुणी संगणकाच्या क्षेत्रात असेल तर वर्गणीपेक्षा एक रविवार शाळेला द्या. पॅनडॉक बसवून द्या, एक नमुना तयार करून द्या. शिक्षक मित्रांनो, यंदा सगळा अंक नको, पाचच मुलांच्या गोष्टी घ्या, मोबाईलवर टाइप करा, खुणा करा आणि पुस्तिका काढून बघा. मजकुराची ती छोटी फाईल दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा. छापलेला अंक कपाटात वाळवीला बळी पडू शकतो, मुलांचे शब्द तरी आपल्या हाताशी राहतील.