रावेरीचा मूठभर गहू

यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यात रावेरी येथे सीतामाईचे पुरातन मंदिर आहे. शेजारी राम नाही. सीता एकटीच आहे. लोककथा सांगते की, परित्यक्ता सीता येथे आली, प्रसूत झाली आणि तिने गावाकडे मूठभर गहू मागितला. गावाने तो नाकारला. ‘तुमच्या शिवारात गहू पिकणार नाही,’ असा तिने शाप दिला. संकरित वाण येईपर्यंत रावेरीत गहू झालाच नाही, असे जुनी माणसे सांगतात.

या कथेवर तथाकथित पुरोगामी दोन बाजूंनी तुटून पडतात. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखात पाण्याविना गहू यायचा कसा, शाप कसला, असे काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण लोककथा हा पीकपाण्याचा अहवाल नव्हे. दुसरे हीच कथा घेऊन प्रभू रामचंद्रांवर चिखलफेक करतात. त्यांनी ती नीट ऐकलेलीच नाही. रावेरीचा शाप रामाला नाही, अयोध्येलाही नाही. तो निराधार बाळंतिणीला रिकाम्या हाताने परत पाठविणाऱ्या गावाला आहे. आणि तेच गाव स्वतःचा हा अपराध पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहे. आपले पाप विसरू न देणाऱ्या समाजाला अंधश्रद्ध म्हणणारे स्वतः किती डोळस आहेत?

मात्र आपण भाविक तरी काय करतो? ओटी भरतो, नारळ फोडतो आणि परततो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्याशी आपले अनेक मतभेद होते. परंतु कथेचा अर्थ त्यांनी आपल्याहून नेमका ओळखला. त्यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला आणि पतीने स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी, यासाठी ‘लक्ष्मीमुक्ती’ अभियान चालविले.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी याच जिल्ह्यात गावोगावी आहेत. सातबाऱ्यावर नाव नसलेली ती भगिनी दारोदार फिरते, तेव्हा रावेरीची कथा पुन्हा घडत असते. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. तरी सुशिक्षित घरांतूनही राखी बांधून घ्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही मागायची, हा प्रकार थांबलेला नाही.

मातृशक्तीचा जयघोष आपण पुष्कळ केला. आता प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरचा सातबारा उघडून पाहावा. तेथे पत्नीचे, बहिणीचे नाव नसेल, तर सीतामाईला गहू नाकारणारे घर आपलेच आहे.